सेल्जुक बगदादऐवजी लाहोरला गेले असते तर?

अश्मक (शनिवार, रात्री १०:४०)

जर-तरच्या इतिहासात आपल्याकडे पानिपताच्या पलीकडे कुणी जात नाही, हे ठाऊक असूनही धागा काढतोय. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

मे १०४०. आजच्या तुर्कमेनिस्तानात मर्व्हजवळ दंदानकान नावाची एक गढी होती. तिथे गझनीचा सुलतान मसूद सेल्जुक तुर्कांकडून हरला. मसूद म्हणजे सोमनाथ फोडणाऱ्या महमूदाचा मुलगा. सेल्जुक म्हणजे ओघुझ तुर्कांतलं एक घराणं. मेंढ्या, उंट, तंबू, बायकापोरं असा सगळा संसार बरोबर घेऊन फिरणारे लोक. १०३५ मध्ये यांनी खोरासानच्या, म्हणजे ईशान्य इराण आणि त्याला लागून असलेल्या मुलुखाच्या, गझनवी कारभाऱ्याकडे अर्ज केला होता की आम्ही सेवक आहोत, नसा आणि फरावा हा मुलूख आम्हाला राहायला द्या, सरहद्द आम्ही राखू. पाच वर्षांत अर्जदार मालक झाले.

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. तुघ्रुल बेग पश्चिमेला सरकत सरकत १०५५ मध्ये बगदादेत शिरला. त्याचा पुतण्या अल्प अर्सलान याने १०७१ मध्ये मांझिकर्तला बायझंटाइन सम्राट रोमानोस याला जिवंत पकडलं. अनातोलियाचं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचं, दार उघडलं. १०९५ मध्ये पोपने धर्मयुद्धाची हाक दिली आणि त्यानंतर दोनशे वर्षं भूमध्य समुद्राच्या काठी काय चाललं ते चित्रपटवाल्यांनी आपल्याला भरपूर दाखवलं आहे.

आता १०४० च्या हिवाळ्यात गझनीत काय चाललं होतं ते बघा. हरून आलेल्या मसूदने धसका घेतला, खजिना आणि जनानखाना उंटांवर लादला आणि हिंदुस्थानची वाट धरली. रावळपिंडीजवळ मार्गल्लाच्या खिंडीत त्याच्याच शिपायांनी तो खजिना लुटला. मग लुटारूंना वाटलं, आता हा आपल्याला सोडणार नाही. म्हणून त्यालाच पदच्युत केलं आणि त्याचा आंधळा केलेला भाऊ मुहम्मद याला तख्तावर बसवलं. जानेवारी १०४१ मध्ये मसूदचा खून झाला. त्याचा मुलगा मौदूद सूड घ्यायला निघाला. म्हणजे त्या काही महिन्यांत गझनीत धड सुलतान नव्हता, लाहोरकडे बघायला कुणाला वेळ नव्हता आणि खजिना शिपायांच्या खिशात गेला होता. तुघ्रुलचा भाऊ चाघ्री बेग मात्र फौजेसकट बल्खपाशी बसला होता. मध्ये फक्त हिंदुकुश.

माझा फाटा इथून फुटतो. बर्फ वितळताच चाघ्री गझनीवर उतरतो. १०४२ पर्यंत लाहोर. प्रत्यक्षात फरिश्ता या फारसी इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे १०४३ च्या सुमारास उत्तरेतल्या राजांनी एकत्र येऊन हांसी, ठाणेसर, नगरकोट परत घेतलं आणि लाहोरला वेढाही घातला. माझ्या कथेत त्यांची गाठ थकलेल्या गझनवी शिबंदीशी न पडता नुकत्याच जिंकलेल्या ओघुझ घोडेस्वारांशी पडते. पूर्वेकडे एवढं घबाड दिसल्यावर टोळ्यांचा लोंढा तिकडेच वळतो. तुघ्रुलकडे माणूसबळ उरत नाही. बगदाद बुवैही या इराणी घराण्याच्या सरदारांकडेच राहतं, मांझिकर्त घडत नाही, अनातोलियात ग्रीक आणि आर्मेनियन शेतकरी नांगरत राहतात. आणि आपल्या बाजूला दिल्लीत तुर्कांची सत्ता दीडशे वर्षं आधी येते.

कुठे चुकतंय ते सांगा. फाडायला हरकत नाही, पण कारणं देऊन फाडा.

कावळा (शनिवार, रात्री १०:५२)

पयला! दाणे-फुटाणे घेऊन बसलोय.

रानवाट (शनिवार, रात्री ११:३५)

धागा आवडला, पण एक गोष्ट अजिबात पटली नाही. तुम्ही नकाशावर बाण काढलात. बाणाच्या टोकाला गवत आहे का ते पाहिलं नाहीत.

गझनीची फौज पगारी होती. विकत घेतलेले तुर्की गुलाम, पगारी हिंदू स्वार, अरब, दैलमी पायदळ, शिवाय हत्ती. महमूदाने १०२३ च्या सुमारास गझनीजवळ शाबहारच्या मैदानावर हजिरी घेतली तेव्हा ५४,००० घोडेस्वार आणि १,३०० हत्ती भरले होते. असल्या फौजेला रोकड लागते. म्हणून तो दर हिवाळ्याला हिंदुस्थानात उतरायचा आणि उन्हाळ्याआधी परत जायचा. राहायचं त्याच्या मनातही नव्हतं.

सेल्जुकांना पगार नव्हता. त्यांना कुरण हवं होतं. आमच्या आजोळी, फलटणकडे, धनगर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पाऊस तोंडावर आला की वर येतात. कोकणातला पाऊस मेंढराला सोसत नाही; खूर कुजतात. आता जाड शेपटाची, थंड कोरड्या गवतावर वाढलेली मेंढरं आणि दोन मदारींचे केसाळ उंट घेऊन चाघ्रीची माणसं जुलै महिन्यात यमुनेच्या काठी काय करणार? अनातोलियाचं पठार म्हणजे त्यांच्यासाठी घरासारखं घर होतं. दोआब नव्हे.

अंकाराकर (रविवार, सकाळी ७:१०)

रानवाट यांना +१. कामानिमित्त दोन वर्षं अंकाऱ्यात काढली. एकदा मे महिन्यात कोन्याला गाडीने गेलो. तासन् तास झाड नाही. नुसतं बुटकं गवत, मधेच मिठाचं सरोवर, मेंढरांचा कळप आणि ती भलीमोठी कुत्री. रात्री शेकोटी लागते. बरोबरचा सहकारी कझाकस्तानचा होता; तो खिडकीतून बघत म्हणाला, हे तर आमच्याकडचंच आहे. हजार वर्षांपूर्वी आलेल्या ओघुझाला याहून वेगळं काय वाटलं असेल?

अश्मक (रविवार, सकाळी ९:२५)

गवताचा मुद्दा मानला, पण तुम्ही मला सरळ दोआबात नेऊन पावसात भिजवताय. मी आधी पंजाब म्हणालो. आजचा पंजाब म्हणजे कालवे आणि गहू. पण हे कालवे इंग्रजांनी १८८० च्या पुढे काढले. त्याआधी झेलम, चिनाब, रावी, सतलज यांच्या मधल्या उंचवट्यांना ‘बार’ म्हणत. सांदल बार, नीली बार, गोंदल बार. तिथे शेती नव्हती, झुडपं आणि गवत होतं, आणि जनावरं राखणाऱ्या जमाती होत्या. पाऊसही बेताचा. कोकणाशी तुलना करून तुम्ही चाघ्रीवर अन्याय करताय.

रानवाट (रविवार, सकाळी ११:०२)

बार हा मुद्दा चांगला काढलात, माझ्या डोक्यात नव्हता. आता मीच तुमच्या बाजूने एक भर घालतो.

फक्त हिवाळी कुरण असून भागत नाही. वर डोंगरात उन्हाळी कुरणही लागतं. आणि ते आहे. गझनीचं पठार सात हजार फुटांवर. पोविंदा म्हणजे अफगाण फिरस्ते व्यापारी-मेंढपाळ. ते विसाव्या शतकापर्यंत नेमकं हेच करायचे: उन्हाळा गझनीकडे आणि हिवाळ्यात गोमल खिंडीतून खाली सिंधूच्या काठी डेरा इस्माईल खानकडे. म्हणजे गझनी ते सिंधू ही जोडी मेंढपाळाच्या हिशेबात बसते. तुमचे सेल्जुक तिथवर येतील, राहतीलही. पण सतलज ओलांडली की दर पावलाला गावं, शेतं, विहिरी आणि चिखल. तिथे टोळी फुटते. एकेकटा घोडेस्वार पुढे जाईल, कळप जाणार नाही.

थोडक्यात, लाहोर देतो. दिल्ली देत नाही.

तिरकस (रविवार, दुपारी १२:४०)

भाव करताय की इतिहास? बघा, आग्रा मिळतंय का घासाघीस करून.

मोडीवाचक (रविवार, दुपारी ४:१५)

गवताचं चालू द्या, मला दंदानकानबद्दल बोलायचं आहे, कारण तुमच्या कथेचा फाटा मला सात-आठ महिने उशिरा वाटतो.

या लढाईबद्दल इतकं बारीक कळतं ते एका कारकुनामुळे. अबुल फझल बैहकी. गझनीच्या पत्रव्यवहाराच्या दफ्तरात होता, आपल्या भाषेत चिटणिशी करणारा. मसूदच्या बरोबर सगळीकडे फिरला, दंदानकानला स्वतः हजर होता. म्हातारपणी त्याने तीसएक खंडांचा इतिहास लिहिला. हाती उरला तो मुख्यतः मसूदच्या काळाचा भाग. मी भाषांतरातून वाचला, पण भाषांतरातही माणूस जिवंत वाटतो. आपल्या बखरींत धन्याची स्तुती असते. हा धन्याच्या चुका मांडतो आणि वर ‘मोठ्यांच्या मर्जीपुढे इलाज नाही’ असा सुस्काराही टाकतो.

तो सांगतो ते असं. मसूद सरख्सहून मर्व्हकडे निघाला तेव्हा वजीर आणि सरदार नको म्हणत होते. वाटेत ना चारा ना पाणी. सेल्जुक हलके होते, त्यांनी सामानसुमान लांब ठेवलं होतं. फौज दंदानकानच्या गढीपाशी पोचली तेव्हा माणसं तहानेने कासावीस. गढीतले लोक तटावरून घड्यांनी पाणी सोडत होते, शिपाई झुंबड करून पीत होते. बाहेरच्या विहिरींत सेल्जुकांनी मेलेली जनावरं टाकून त्या बुजवल्या होत्या. वजीर म्हणाला, इथेच मुक्काम करू, विहिरी मोकळ्या करू. मसूद म्हणाला, सात-आठ विहिरींवर एवढी फौज कशी राहील, पुढे तळं आहे तिथे जाऊ.

फौज हलली मात्र, रांगा मोडल्या. राजवाड्याच्या खास गुलामांपैकी ज्यांची घोडी मेली होती ते उंटांवर बसले होते. ते उंटांवरून उतरून ताजिक स्वारांची घोडी हिसकावायला लागले. आणि ३७० गुलाम, सिंहाची निशाणं घेतलेले, सरळ सेल्जुकांना जाऊन मिळाले. मसूद स्वतः शौर्याने लढला, हे बैहकी आवर्जून लिहितो. पण सुलतान लढतोय आणि फौज पळतेय, अशी अवस्था.

म्हणजे प्रश्न ‘बगदाद की लाहोर’ हा नंतरचा. आधी ‘विहिरीपाशी थांबायचं की तळ्याकडे जायचं’. तिथे थांबले असते तर सेल्जुकांचं साम्राज्य कुठल्याच दिशेने वाढलं नसतं.

कावळा (रविवार, दुपारी ४:३१)

ताई, दंडवत. पाणी प्यायला उठलो वाचता वाचता.

मोडीवाचक (रविवार, संध्याकाळी ५:०५)

आणखी एक, राहवत नाही म्हणून. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मसूद तुघ्रुलचा पाठलाग करत होता. हत्तिणीवर बसून, रात्रीचा. त्याने थोडी अफू घेतली होती आणि त्याला झोप लागली. माहुतांची त्याला उठवायची हिंमत होईना आणि हत्तीण जोरात हाकली तर जाग येईल ही भीती. मग काय, डुलत डुलत निघाले. पहाटेपर्यंत तुघ्रुल निसटला. बैहकी म्हणतो, झोप लागली नसती तर तो हाती लागला असता.

अश्मक (रविवार, रात्री ९:५०)

हे भन्नाट आहे. अख्ख्या मध्यपूर्वेचा इतिहास दोन माहुतांच्या संकोचावर!

पण मोडीवाचक, मग फाटा आणखी मागे न्यावा लागेल, आणि तो थेट आपल्या देशात येऊन थांबतो. १०३७ चा हिवाळा. खोरासानात सेल्जुक धुमाकूळ घालतायत. वजीर अहमद बिन अब्दुस्समद विनवतोय की सुलतानाने खोरासानात जावं. आणि मसूद म्हणतो, मी आजारी असताना नवस केला होता की बरा झालो तर हांसीचा किल्ला घेईन. तो माझ्या मानेवर आहे. गेला. हांसी घेतली १०३८ च्या सुरुवातीला. त्याच वर्षी सरख्सजवळ त्याचा सेनापती सुबाशी हरला आणि तुघ्रुल निशापुरात, खोरासानच्या मुख्य शहरात, शिरला.

तेव्हा ‘साम्राज्य दुसऱ्या दिशेने’ हा प्रयोग खरं तर गझनवींवर करायला हवा. त्यांनी हिंदुस्थान सोडून पश्चिम धरली असती तर? महमूदाने १०२९ मध्ये रे घेतलंच होतं, म्हणजे आजच्या तेहरानच्या कुशीतलं शहर. १०३० मध्ये महमूद वारला तेव्हा मसूद इस्फहानात होता. बगदाद तिथून फार लांब नव्हतं.

हिशेबनीस (सोमवार, सकाळी १०:२०)

उशिरा आलो. दोन्ही बाजूंनी नवस, अफू, माहूत, विहिरी चाललंय. मजा येतेय, पण खोरासान गेलं ते वसुलीमुळे, हे कुणीच लिहिलं नाही.

खोरासानचा कारभारी सुरी. त्याने मसूदला एवढा नजराणा पाठवला की दरबार थक्क झाला. सुलतान खूश होऊन म्हणाला, असे आणखी दोन-तीन चाकर असते तर! शेजारी हिशेबखात्याचा माणूस उभा होता, त्याने ‘खरं आहे’ म्हटलं. मनात मात्र त्याच्या होतं की खोरासानच्या रयतेला विचारा, हे गोळा करताना तिच्यावर काय गुदरलं. बोलायची हिंमत नव्हती. बैहकीच सांगतो हे. (मोडीवाचक, तुमच्यामुळे मीही जुनं पुस्तक काढलं.)

आता १०३८ मध्ये तुघ्रुलची माणसं निशापूरच्या वेशीवर आली तेव्हा शहरातल्या मोठ्या मंडळींनी दरवाजे उघडले. पहिली तुकडी जेमतेम दोन-तीनशे स्वारांची होती. मागून तुघ्रुल आला तो दंडाला धनुष्य अडकवून आणि कमरेला तीन बाण खोचून, आणि मसूदच्या तख्तावर बसला. एवढ्या मोठ्या शहराने लढाई का केली नाही? कारण जो सुलतान वसूल करतो पण राखत नाही, त्याच्यासाठी कोण मरेल?

म्हणून अश्मक यांच्या पहिल्या कथेत माझी हरकत वेगळी आहे. सेल्जुकांना पश्चिमेत दर मुक्कामाला तयार कारकून मिळाले. निशापूर, रे, इस्फहान. लेखणी धरणारे, कर गोळा करणारे, मशिदीत खुतबा, म्हणजे राजाच्या नावाने शुक्रवारचं प्रवचन, वाचणारे. सेल्जुकांचा पुढचा वजीर निझाम-उल-मुल्क हा खोरासानातल्या तूसचा, त्याचं घराणंच गझनवींच्या चाकरीतलं. असा माणूस वजीर मिळाला म्हणून मेंढपाळांचं साम्राज्य झालं. लाहोरला त्यांना काय मिळालं असतं? गझनवींची एक लहानशी शिबंदी आणि आजूबाजूला परक्या भाषेतला, परक्या धर्माचा मुलूख. चाघ्री लुटेल. बसवणार कोणाला?

रानवाट (सोमवार, दुपारी १:४५)

कारकुनांचा मुद्दा जोरदार. फक्त एक दुरुस्ती. हिंदू माणसं गझनीच्या चाकरीत होती आणि वरच्या जागांवर होती. तिलक आठवा. न्हाव्याचा मुलगा, हिंदवी आणि फारसी दोन्ही सफाईने लिहायचा, दुभाषा म्हणून शिरला आणि सेनापती झाला. लाहोरचा सुभेदार अहमद यिनालतिगीन १०३३ च्या सुमारास परस्पर बनारस लुटून आला आणि मग बंड करून बसला. बड्या तुर्की सरदारांनी हात वर केले तेव्हा मसूदने तिलकलाच पाठवलं. तिलकने जाटांना पैसे कबूल केले आणि त्यांच्याकरवी यिनालतिगीनला सिंधूच्या काठी संपवलं. चाघ्रीला एखादा तिलक मिळाला असता.

हिशेबनीस (सोमवार, दुपारी २:३०)

एखादा. निशापुरात गल्लीगल्लीत होते.

शब्दवेडी (सोमवार, रात्री ८:१०)

मला लढायांतलं कळत नाही, भाषेचं विचारते. आज तुर्कस्तानात तुर्की बोलतात. दिल्लीत तुर्क सुलतानांनी शंभरहून जास्त वर्षं राज्य केलं, पण दिल्लीत तुर्की कुणी बोलत नाही. आपल्याकडे राहिले ते सुटे शब्द. कैची, चकमक, तोफ, बेगम. मशालची, तबलची यांतला तो ‘ची’ तुर्कीच. एकाच वंशाचे लोक दोन्हीकडे गेले, मग असं का?

रानवाट (सोमवार, रात्री ९:००)

तुम्ही विचारलेला प्रश्न या धाग्याचा गाभा आहे.

हिंदुस्थानात तुर्क आले ते शिपाई म्हणून, पुष्कळसे विकत घेतलेले गुलाम म्हणून. कुतुबुद्दीन ऐबक, अल्तमश, बल्बन. एकटे पुरुष. लग्नं इथे झाली, दफ्तर फारसीत चाललं, मुलं आईची भाषा बोलली. अनातोलियात तुर्क आले ते कुटुंबकबिल्यासकट. तंबूत आई होती, आजी होती, अंगाईगीत होतं. कोन्याच्या सुलतानाचं दफ्तरही फारसीतच चालायचं, तरीही खाली कुरणावर तुर्की टिकली.

म्हणून अश्मक यांची कथा खरी झाली असती तर सगळ्यात मोठा फरक तख्तावर दिसला नसता. गझनी ते सिंधू या पट्ट्यात आज पश्तोच्या जागी, निदान तिच्या बरोबरीने, तुर्की ऐकू आली असती. अझरबैजानात झालं ना तसं.

शब्दवेडी (सोमवार, रात्री ९:२०)

तोंडाला पाणी सुटलं. लाहोरी तुर्की! तिच्यातून मराठीत काय काय आलं असतं याची यादी करायला घेते.

पश्चिमवारा (मंगळवार, सकाळी ८:००)

पश्चिम टोकाकडे कुणी बघत नाहीये. अश्मक म्हणतात, तुघ्रुलला माणसं कमी पडली की मांझिकर्त नाही, मांझिकर्त नाही तर क्रुसेड नाही. दोन्ही टाके कच्चे आहेत.

पहिला टाका. ओघुझांच्या काही टोळ्या सेल्जुक घराण्याला न जुमानता आधीच अझरबैजानात पोचल्या होत्या. १०३० च्या दशकातच त्यांनी मराघा लुटलं. चाघ्री कुठेही जावो, हे लोक आर्मेनियाच्या डोंगरांत घुसणारच होते. सुलतान नसता तर त्यांना आवर घालणाराही नसता. तुघ्रुल आणि अल्प अर्सलान या टोळ्यांना बायझंटाइन सरहद्दीकडे ढकलायचे, त्यामागे आपली इराणातली शेतं वाचावीत हाही हेतू होता.

दुसरा टाका. मांझिकर्त अल्प अर्सलानच्या मनात नव्हतंच! १०७१ मध्ये तो अलेप्पोपाशी होता, नजर इजिप्तच्या फातिमी खलिफावर. रोमानोस मागून पूर्वेकडे सरकतोय हे कळल्यावर तो घाईने उलटा फिरला. जिंकला, सम्राटाला सोडून दिलं, आणि पुढच्याच वर्षी कुठे गेला? कॉन्स्टँटिनोपलला नाही. पार दुसऱ्या टोकाला, आमू दर्याकडे, पलीकडच्या काराखानी तुर्कांवर. तिथे एका पकडलेल्या किल्लेदाराने त्याला सुरा मारला. ‘पश्चिमेला जाणारं साम्राज्य’ हे आपण मागाहून म्हणतो. त्याच्या स्वतःच्या लेखी पश्चिम म्हणजे घोड्यावरून उतरून पुन्हा चढायच्या आतला एक मुक्काम होता.

अश्मक (मंगळवार, दुपारी ३:३०)

इजिप्त! म्हणजे रोमानोस घरी बसला असता तर ‘दुसरी दिशा’ आपोआप कैरो झाली असती. यावर वेगळा धागा काढा, हक्काने मागतोय.

गावकुसाबाहेर (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

दख्खनेला काय फरक पडला असता, हा माझा स्वार्थी प्रश्न. १०४३ च्या सुमारास कल्याणीच्या गादीवर चालुक्य सोमेश्वर आला. त्याचं बरंचसं लक्ष दक्षिणेला. १०५४ मध्ये कोप्पमला चोळांशी लढाई झाली, चोळ राजाधिराज हत्तीवरच मारला गेला, तरी चोळच जिंकले. इकडे ठाण्याच्या शिलाहारांचं राज्य, मुम्मुणीच्या काळात १०६० ला अंबरनाथचं देऊळ पूर्ण झालं. उत्तरेत माळव्याचा भोज.

माझं मत, चाघ्री लाहोरला आला असता तरी अंबरनाथच्या पाथरवटाची छिन्नी थांबली नसती. बातमी मात्र सोपाऱ्याच्या बंदरावर अरब व्यापाऱ्यांकडून पोचली असती, आणि घोड्यांचे भाव कमी झाले असते की वाढले असते यावर चर्चा झाली असती.

तिरकस (मंगळवार, संध्याकाळी ७:००)

अंबरनाथच्या पाथरवटाची छिन्नी नाही, पण सकाळची लोकल थांबते.

पश्चिमवारा (मंगळवार, रात्री १०:१५)

सगळे ‘आले असते तर’ म्हणतायत. अहो, ते आले होते! सुलतान संजर, चाघ्रीचा पणतू, १११७ मध्ये गझनीत शिरला. गझनवींच्या भाऊबंदकीत बहरामशाहची बाजू घेऊन. हत्ती समोर उभे होते, तरी जिंकला. आणि मग काय केलं? बहरामशाहला मांडलिक म्हणून गादीवर बसवलं, खंडणी ठरवली, लूट घेतली आणि खोरासानला परत गेला. लाहोर समोर होतं. पुढे पाऊल टाकलं नाही.

दुसरा पुरावा. ११६० नंतर ओघुझांच्या एका टोळीने गझनी घेतली आणि बाराएक वर्षं धरून ठेवली. गझनवी लाहोरात जाऊन बसले होते, दुबळे झाले होते. तरी ओघुझ खाली उतरले नाहीत. शेवटी अफगाण डोंगरांतल्या घोरचे घुरी सुलतान आले, त्यांनी ओघुझांना हुसकलं, आणि ११८६ ला लाहोरही घेतलं.

प्रयोग दोनदा झालाय आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आलंय.

अश्मक (बुधवार, रात्री १२:०५)

पश्चिमवारा, तुम्ही कोपऱ्यात गाठलंत. झोप उडाली.

तरी एवढं म्हणतो. संजरला खोरासानात मर्व्हसारखी राजधानी होती, परत जायला घर होतं. १०४१ च्या चाघ्रीला अजून काहीच नव्हतं, सगळीकडे दुष्काळ होता. निशापुरात तर लोकांनी घरांची तुळया-दारं विकून खाल्ली असं बैहकी लिहितो. उपाशी माणूस आणि पोट भरलेला माणूस एकाच खिंडीसमोर उभे राहिले तर दोघं सारखं वागणार नाहीत. ११६० च्या ओघुझांचं मात्र उत्तर माझ्याकडे नाही.

तेव्हा सुधारित कथा अशी: चाघ्री गझनी घेतो. उन्हाळा पठारावर, हिवाळा गोमलखाली. लाहोरला अधूनमधून धाड, वस्ती नाही. हांसी आणि ठाणेसर राजांकडेच राहतात. दिल्ली मी मागे घेतो. क्रुसेडही मागे घेतो, रागावून.

नकाशा रविवारी टाकतो. सगळं काढून झालंय, फक्त हांसी नेमकी कशी बसते ते समजत नाही. मसूद तिच्यासाठी खोरासान घालवून बसला म्हणजे तिथे काहीतरी असणार ना? कुणी गेलंय का?

हिसारवाला (बुधवार, सकाळी ६:५०)

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिला प्रतिसाद. नोकरी हिसारला, हांसी अर्ध्या तासावर. अनेकदा गेलोय.

मोठं मातीचं टेकाड आहे. लोक पृथ्वीराजाचा किल्ला म्हणतात. वर गेलं की चौफेर सपाट शेतं, मोहरी असेल तर पिवळंधमक. बैहकीच्या काळी या किल्ल्याला ‘कुमारी’ म्हणत, कारण कुणी घेतला नव्हता; मसूदच्या लोकांनी पाच ठिकाणी सुरुंग खणून तट पाडला. ते पाच भगदाडं शोधायचा मी प्रयत्न केला. अर्थातच काही दिसत नाही. वर मशीद आहे, एक मोठा दरवाजा आहे, आणि जॉर्ज थॉमस नावाच्या आयरिश पेंढाऱ्याने राजधानी केली होती त्याच्या खुणा लोक दाखवतात.

त्या थॉमसला इथून कुणी काढलं, माहीत आहे? १८०१ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या फौजेने. सरदार फ्रेंच होता, बूर्कां म्हणून, पण निशाण शिंद्यांचं.

अश्मक, नकाशात हांसी घग्गरच्या दक्षिणेला टाका, दिल्लीपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर वायव्येला. टेकाडावरून खोरासानची दिशा बघायची असेल तर संध्याकाळी जा, सूर्य बरोबर त्या बाजूला असतो. पाण्याची बाटली न्या. वर नळ आहे, पण बहुतेक वेळा कोरडा.

मोडीवाचक (बुधवार, सकाळी ७:१५)

वर नळ कोरडा! मसूदला कुणीतरी सांगायला हवं होतं.